नववीत गेलाय, आता वाचायला शिकेल का?

"मॅडम, नववीला गेला, पण मोठा शब्द आला की अडतो बघा. आता ह्या वयात काय शिकणार?" सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या एका आईचा हा प्रश्न. घरी तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, म्हणून असं झालं, अशी त्यांची खात्री.

मुलाला वाचायला दिलं. 'कापूस', 'कामगार' सहज वाचले. 'प्रशासन'ला मात्र 'प्रदर्शन' म्हणाला आणि 'अर्थव्यवस्थेमध्ये'चं शेपूट गिळून टाकलं. अक्षरं येत होती. शब्द लांबला की तो अंदाज बांधायचा. हा दोष तेलुगूचा नाही, आळसाचा तर नाहीच. अशा मुलाच्या हातात दुसरीचं पुस्तक कृपा करून देऊ नका. मिसरूड फुटलेल्या मुलाला ते फार लागतं.

मी शब्द घेतला 'यंत्रमागधारकांसाठी'. वडील मागावर कामाला, त्यामुळे शब्द कानावरचा. आधी शेवटचं 'साठी' बोटानं झाकायला लावलं. मुळे, पासून, मध्ये, प्रमाणे हे सगळे मराठीत शब्दाला चिकटतात आणि शब्द आहे त्याहून अवघड दिसतो. मग पेन्सिलीनं रेघा मारल्या: यंत्र, माग, धारक. तिन्ही त्याला येत होते! तुकडे वाचले की लगेच अख्खा शब्द सलग म्हणायचा, मग वाक्य. पुढे नागरीकरण, जागतिकीकरण, औद्योगिकीकरण एकत्र घेतले. 'करण' ओळखीचं झालं की निम्मी भीती जाते. रफारानं मात्र छळलं. 'पर्जन्य'मध्ये तो 'ज'च्या डोक्यावर दिसतो, पण 'र' उच्चारायचा 'ज'च्या आधी. अजूनही तिथे तो अडखळतो.

डोळे आणि कान आधी तपासून घेतले होते. नीट शिकवूनही वाचन पुढे सरकलं नाही, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन शिकायला जड जाण्याची, तपासणी करून घ्यावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

"मला मराठी वाचता येत नाही, मी काय करू?" आईनं विचारलं. उद्याच्या धड्यातला एक परिच्छेद रोज रात्री त्याला मोठ्यानं वाचू द्या, मी म्हटलं, आणि त्यात काय लिहिलंय ते तुम्हाला तेलुगूत सांगायला लावा. जिथे सांगता येणार नाही, त्या शब्दाखाली त्यानं रेघ मारायची. त्या शब्दांपासून आमचा पुढचा तास सुरू होतो.