मुलीचे तिकीट नव्हते, म्हणून तिचा हक्क जात नाही

प्रश्न : आम्ही पतीपत्नी तीन वर्षांच्या मुलीला घेऊन वसंत ऋतूतील पुष्पोत्सवाला गेलो होतो. फोटोसाठी रांगेत उभे असताना फुलांची कमान कोसळून मुलीच्या डाव्या हाताचे हाड मोडले. आयोजक म्हणतात की, पाच वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत असल्याने ती आमची ग्राहकच नव्हती. शिवाय तिकिटामागे ‘अपघातास आयोजक जबाबदार नाहीत’ असे छापलेले आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : आपल्या मुलीला सोसाव्या लागलेल्या वेदनांबद्दल वाचून फार वाईट वाटले. प्रथम एक काम आजच करावे. उत्सव संपताच मांडव उतरतो आणि कमानीचा सांगाडा जागेवर राहत नाही; म्हणून कमान व सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे, अशी लेखी मागणी आयोजकांकडे ईमेलने व स्पीड पोस्टाने करावी. कमान पडण्याच्या काही मिनिटे आधी आपण काढलेल्या ज्या फोटोत तिचे पाय जमिनीत न रोवता नुसते विटांवर टेकवलेले दिसतात, तो मूळ स्वरूपातच जपावा. मुलगी कमानीला लोंबकळत होती, असा बचाव पुढे आलाच तर हाच फोटो आपल्या कामी येईल.

आता आयोजकांच्या पहिल्या मुद्द्याकडे वळू. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार पैसे देऊन सेवा घेणाऱ्याच्या संमतीने त्या सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही ग्राहकच असते. 1998 साली स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या प्रकरणात, उपचार घेणारे बालक आणि त्याचे आईवडील असे दोघेही ग्राहक ठरतात, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. आपण दोघांनी तिकिटे काढली ती मुलीला फुले दाखवण्यासाठीच, त्यामुळे तिला वेगळे तिकीट नव्हते हा आक्षेप टिकण्यासारखा नाही.

तिकिटामागच्या ओळीने घाबरून जाऊ नये. गर्दी जिथून जाणार तिथे उभारलेली कमान घट्ट रोवणे हे आयोजकांचे मूलभूत कर्तव्य आहे, आणि पैसे घेतल्यानंतर हातात पडलेल्या छापील वाक्याने त्यांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप संपत नाही.

तक्रार आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, घटनेपासून 2 वर्षांच्या आत करता येते. ‘ई-जागृती’ पोर्टलवरूनही ती दाखल होते. शुल्क मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी दिलेल्या रकमेवर ठरते, आणि ती 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत असल्याने भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली पोलिसांतही तक्रार देता येईल. मात्र भरपाईसाठी माझा भर ग्राहक आयोगावरच राहील.

आयोजक थोडी रक्कम देऊ करून ‘आमची काहीही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागण्याची शक्यता आहे. वाढत्या वयातील हाड नीट जुळले की नाही, याबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांचे लेखी मत हाती येईपर्यंत ती सही आपण दोघांपैकी कोणीही करू नये.