लास व्हेगासजवळच्या रेड रॉक कॅन्यनमध्ये मुलांना घेऊन जिओकॅशिंग करता येईल का?

येईल, आणि जरूर करा. जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेले डबे जीपीएसच्या मदतीने शोधायचा खेळ. फक्त किती डबे सापडतील, या हिशेबाने जाऊ नका. हे संवर्धन क्षेत्र ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकी सरकारी संस्थेकडे आहे. त्यांच्या नियमानुसार वाइल्डरनेस म्हणून राखलेल्या भागात किंवा मूळ रहिवाशांनी दगडावर कोरलेल्या चित्रांजवळ डबे ठेवायचे नसतात. म्हणून मी इथे येणाऱ्यांना अर्थकॅशच सुचवते. त्यात डबा नसतो. दिलेल्या कोऑर्डिनेट्सवर (अक्षांश-रेखांशावर) जायचं, खडक नीट बघायचा, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं ती अर्थकॅश तयार करणाऱ्याला पाठवायची आणि आपली नोंद करायची.

त्यासाठी कीस्टोन थ्रस्टची पायवाट धरा. सह्याद्रीत लाव्हाचा जुना थर खाली आणि नवा वर, अशी आपली नजर तयार झालेली असते. इथे नेमकं उलट आहे. वर करडा चुनखडक, सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या खाली लाल वालुकाश्म, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा. भूकवचाच्या प्रचंड दाबामुळे जुना थर सरकत नव्याच्या डोक्यावर येऊन बसला. दोन रंगांची ती सीमा इतकी स्पष्ट आहे की लहान मूलही बोटाने दाखवतं. मग कॅलिको हिल्सला वालुकाश्मातले तिरके पट्टे दाखवा. ज्युरासिक काळात इथे वाळूच्या टेकड्या होत्या आणि वारा कुठून कुठे वाहायचा, ते या पट्ट्यांच्या उतारावरून कळतं.

डबा शोधणार असाल तर तो ठेवणाऱ्याने दिलेली हिंट आधी वाचा. उंच कड्यांमध्ये उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, जागा काही मीटर इकडेतिकडे दाखवली जाते आणि लोक उगाच झुडपं तुडवत फिरतात. न बघता कपारीत हात घालायचा नाही, रॅटलस्नेक असतात. कासव दिसलं तर मुलांना लांबूनच बघू द्या. उचललं की ते घाबरून मूत्राशयात साठवलेलं पाणी सोडतं आणि त्या पाण्यावरच ते उन्हाळा काढतं. मोकाट गाढवांना तर काहीही खायला घालू नका. खाण्याच्या आशेने ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात.

ऑक्टोबर ते मे या काळात तिथल्या २१ किलोमीटरच्या एकेरी रस्त्यावर गाडी न्यायला वेळेचं आरक्षण लागतं, ते आधीच करून ठेवा. भर उन्हाळ्यात मुलांना नेऊ नका.