सभासद अर्जात कामगिरीचा रकाना नको
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : लष्कराच्या गुप्तवार्ता विभागातून निवृत्त झालेले आम्ही ११ जण कोल्हापूर जिल्ह्यात आहोत. संघटना नोंदवायची आहे. कागद कोणते लागतील आणि सभासद अर्जात कोणती माहिती घ्यावी?
– निवृत्त हवालदार, गडहिंग्लज

उत्तर : संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान ७ जण लागतात, तेव्हा संख्येची अडचण नाही. महाराष्ट्रात त्याच्या जोडीने सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदणी होते. दोन्ही कामे धर्मादाय कार्यालयातच होतात.

आधी बैठक घ्या. संस्थेचे नाव, उद्देश, पहिली कार्यकारिणी आणि अर्ज कोण करणार, एवढे इतिवृत्तात आले पाहिजे. मग ज्ञापन (संस्थेचे नाव आणि उद्देश सांगणारा मूळ कागद), नियमावली, कार्यकारिणीची संमतीपत्रे, अधिकारपत्र आणि कार्यालयाच्या जागेचे ना-हरकत पत्र. प्रकरण बहुतेक या शेवटच्या कागदावर अडते. घरफाळ्याची पावती वडिलांच्या नावावर आणि ना-हरकत पत्रावर सही मुलाची, असे चालत नाही. पावतीवर ज्याचे नाव, त्याचीच सही घ्या.

नाव ठरवताना सरकारचा आश्रय असल्याचा भास होईल असा शब्द टाळा. १९५० चा बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराविरुद्धचा कायदा तिथे आड येतो. लेटरहेडवर अशोकस्तंभ छापू नका. लष्करातल्या तुमच्या कोअरचे, म्हणजे विभागाचे, चिन्हही नको.

आता सभासद अर्ज. याच्यावर एक संध्याकाळ खर्च करा, कारण तुमच्या संघटनेचे वेगळेपण इथेच आहे. इतर माजी सैनिक संघटनांचा छापील अर्ज उचलून आणला, तर त्यात 'युनिट, सेवेची ठिकाणे, कालावधी, केलेले कोर्स' असे रकाने असतात. ते सगळे काढा. एकट्या अर्जात वावगे काही दिसत नाही; पण ४०-५० अर्ज एका फाइलला लागले की कोण कोणत्या साली कुठे होता, याचा आयता तक्ता तयार होतो. संस्थेचे दप्तर काही तुमच्या कपाटात कायम राहत नाही. ते लेखापरीक्षकाकडे जाते, निवडणुकीचा वाद झाला तर धर्मादाय कार्यालयापुढेही ठेवावे लागते.

अर्जात नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन, रक्तगट, माजी सैनिक ओळखपत्राचा क्रमांक आणि अडचणीच्या वेळी कळवायच्या व्यक्तीचे नाव एवढेच ठेवा. त्याखाली पत्नीचे नाव डिस्चार्ज बुकात (निवृत्तीच्या वेळी लष्कराकडून मिळणारे सेवानोंदींचे पुस्तक) आहे तसे, अक्षरन् अक्षर. खात्रीसाठी दोन पदाधिकाऱ्यांनी मूळ डिस्चार्ज बुक समोर बघावे, अर्जावर 'पाहिले' लिहून तारीख-सही करावी आणि बुक तिथल्या तिथे परत द्यावे. झेरॉक्स नको, मोबाईलवर फोटोही नको.

पुढे कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. तो राहिला की बँक नव्या सह्या घेत नाही आणि खाते अडकून पडते. हिशेब ३१ मार्चला बंद करून सहा महिन्यांत लेखापरीक्षण उरका. देणगीदारांना प्राप्तिकरातली ८०-जी ची सवलत मिळवून द्यायची असेल, तर उद्देश केवळ सभासदांच्या हिताचे ठेवून भागत नाही. लोकोपयोगी काम उद्देशातही हवे आणि प्रत्यक्षातही.

प्रश्न : स्मरणिका काढायची आहे. आमच्या सेवेतल्या घटनांना ३० वर्षे झाली, आता लिहायला हरकत नसावी?
– एक माजी सैनिक, कागल

उत्तर : हरकत आहे. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चे कलम ५ पूर्वी पदावर असलेल्यांनाही लागू होते आणि त्यात वर्षांची मुदत दिलेली नाही. स्मरणिकेत जाहीर झालेली पदके, दिवंगतांना श्रद्धांजली, पेन्शनची माहिती, मुलांचे यश घ्या. शाळेत व्याख्यानाला बोलावले तर भरतीबद्दल बोला, १.६ किलोमीटर धावण्याची तयारी कशी करायची, हे पोरांना खरोखर हवे असते. मजकूर छापखान्यात जाण्याआधी दोघांनी वाचावा आणि एकालाही शंका आली तर ते वाक्य गाळावे.

अनोळखी फोनवरून 'साहेब, तुमच्याच युनिटचा आहे' म्हणत कोणी जुन्या सहकाऱ्यांची नावे विचारू लागला, तर बोलणे थांबवा. नंबर आणि संदेश पुसू नका, ते घेऊन पोलीस ठाण्यात जा. पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन.

प्रश्न : लग्नानंतर माझे नाव बदलले. यांच्या डिस्चार्ज बुकात माहेरचे नाव आहे, आधारवर सासरचे. पुढे अडचण येईल का?
– सैनिकपत्नी, सैनिक टाकळी

उत्तर : येईल, ताई, आणि आपल्याकडे ही अडचण घरोघर आहे. कुटुंब निवृत्तिवेतन रेकॉर्डमधल्या नावालाच मिळते. तुमचे यजमान आहेत तोवर त्यांच्या सहीने अर्ज करा. त्यांच्या माघारी हेच काम तुम्हाला एकटीला पुरावे गोळा करत करावे लागेल. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, आधार, विवाहाचा दाखला, डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) यांच्या प्रती घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथून अर्ज सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला जातो, ते भाग दोन आदेश (नोंदीतल्या बदलाचा लष्करी आदेश) काढतात आणि त्यावरून पीपीओत दुरुस्ती होते. आदेश निघाला म्हणून थांबू नका. लष्करी पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर यजमानांचे खाते उघडून तुमचे नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आली आहे का, ते स्वतः बघा आणि त्या पानाची प्रत पीपीओसोबत ठेवा.