न्हाणीतल्या चुलीला धुराडं बसवायचंय: पाइप कोणता, किती उंच, आणि तपासायचा कसा?

तुमचा प्रश्न असा: गोव्यात डिचोलीकडचं जुनं कौलारू घर, न्हाणीत भाण (आंघोळीच्या पाण्याचं मोठं भांडं) तापवायची चूल, पावसात धूर कोंडतो. थंड देशांतल्या हीटिंग स्टोव्हचे व्हिडिओ बघून तसलीच चिमणी बसवावी का?

मी सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरात हे काम दोनदा केलंय. पहिलं फुकट गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सांगून ठेवतो. दुकानात ‘चिमणी’ मागाल तर गॅसवरची विजेची पेटी दाखवतील. धुराड्याचा पाइप म्हणा, नाहीतर सरळ फॅब्रिकेटरकडे जा.

धुराडं धूर ओढतं ते आतली हवा गरम म्हणून हलकी आणि बाहेरची थंड म्हणून जड, या फरकावर. बाहेर शून्य अंश असेल तिथे हा फरक आयता मिळतो. आपल्याकडे बाहेर 30 अंश. आतला धूर 150 अंशांचा धरला, तरी तेवढ्याच उंचीच्या पाइपाची ओढ इथे पाव हिश्श्याहून जास्त कमी भरते. म्हणून इथे पाइप उंच हवा, सरळ हवा आणि आतून गरम राहायला हवा. चुलीपासून टोकापर्यंत 15 फूट मिळाले तर छानच. वळण घ्यावंच लागलं तर काटकोन नको, 45 अंशांची दोन घ्या. टोक कौलातून बाहेर पडतं तिथून किमान 3 फूट वर, आणि 10 फुटांच्या आत जे काही असेल (तुमचाच मोभ, म्हणजे छपराचा सगळ्यात उंच कणा धरून) त्याच्याहून 2 फूट उंच. हा तिकडचा नियम मात्र इथेही तंतोतंत लागू पडतो.

पाइपाचं माप ठरवताना त्याच्या पोकळीचं क्षेत्रफळ चुलीच्या तोंडाच्या दहावा भाग धरतात. 12 बाय 10 इंचांच्या तोंडाला हिशेबाने 4 इंची पाइप पुरतो, पण तो काजळीने लवकर चोंदतो. मी 6 इंची घेतला.

आता माझी चूक. स्वस्त म्हणून जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा पाइप घेतला. जस्त 419 अंशांना वितळतं, त्यामुळे चुलीलगतचा तुकडा तर जीआयचा नकोच. वर आमच्याकडे पावसात जाळायला काय, तर ओली सोडणं (नारळाची सालं) आणि झावळ्यांचे पिडे (जाड देठ). ओल्या जळणाचा धूर थंड पाइपात डांबरासारखा जमतो. बसवणाऱ्याने जोड दिले होते कौलं घालतात तसे, वरचा पाइप खालच्याच्या बाहेरून, कारण त्याच्या डोक्यात फक्त पाऊस. जुलैत प्रत्येक जोडातून काळं पाणी गळायला लागलं. चुन्याच्या भिंतीवर उतरलेला तो ओघळ तीनदा रंगवूनही वर येतो. धुराड्यात वरचा पाइप खालच्याच्या आत बसला पाहिजे, म्हणजे डांबर आतल्या आत चुलीत उतरतं. बाहेरचा पाऊस अडवायला कौलाच्या वर जोडाभोवती पत्र्याची कॉलर घाला. पाइपाभोवतीचा पत्रा वरच्या अंगाला कौलांच्या खाली आणि खालच्या अंगाला कौलांच्या वर सरकवायचा. हे उलटं झालं की न्हाणीत धार लागते.

स्टेनलेस स्टीलच घ्या: आत डिचोलीत 304 ग्रेडचं पुरे, समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत 316. चुंबक लावून खात्री करू नका, 202 या हलक्या ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. जुना सिमेंटचा अ‍ॅसबेस्टॉसचा पाइप पडून असेल तर तो वापरू नका, कापू तर मुळीच नका.

सगळ्यात जपायचं ते लाकूड. एकेरी पाइप आणि वासा किंवा रीप यांत 18 इंच अंतर हवं. छपरातून जाताना तेवढं मिळत नाही, तिथे मध्ये रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) भरलेला दुहेरी पाइप घालायचा. तोच वर टोकापर्यंत नेला तर धूर गरम राहतो आणि डांबरही कमी धरतं. भिंतीतून काढून बाहेरून चढवणं सोपं वाटतं, पण मग पाऊस तो पाइप दिवसभर थंड करत बसतो.

तपासणी मे महिन्यात, कौलं परतायला माणसं येतात तेव्हा उरकायची. पाइपाच्या तळाला काजळी काढायचं दार ठेवून घ्या. भर दुपारी तिथे दाढीचा आरसा तिरका धरला की वरच्या टोपीच्या कडेने उजेडाची गोल रेघ दिसते. रेघ तुटक दिसली तर घरटं किंवा काजळी. थर 3 मिलिमीटरचा झाला की ब्रश फिरवायचा. टोपीची जाळीही तेव्हाच बघा, डांबर आधी तिथे धरतं. चतुर्थी झाली की आरसा पुन्हा एकदा.

पावसात दिवसा चूल लावताना आधी कागदाचा एक बोळा त्या दारातून पेटवा, पाइप तापतो आणि धूर उलटत नाही. न्हाणीची खिडकी मात्र बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅस गिझरचा धूरही याच पाइपात सोडू नका. आणि कधी पाइपातून घोंघावल्यासारखा आवाज आला तर आतलं डांबर पेटलंय समजा: चुलीचं तोंड पत्र्याने झाका, घराबाहेर पडा, 101 ला फोन करा. पाइपात पाणी ओतू नका.