अठरा वर्षांच्या खंडानंतर पदवीला प्रवेश घेतलाय आणि गणित डोक्यावरून जातंय. शाळेच्या पुस्तकापासून सुरुवात करू का?

नका करू. निदान पहिल्या पानापासून तरी नको. तुम्ही लिहिलंय की नोकरी सांभाळून एकेचाळिसाव्या वर्षी शिकताय, पहिल्याच सत्रात गणित आहे आणि वर्गातल्या विशीतल्या मुलांसमोर हात वर करायची लाज वाटते. शाळेचं सगळं गणित उजळून मग इकडे वळायचं म्हटलं, तर तेवढ्यात सत्र संपेल.

मी एका विद्यापीठाच्या गणित मदत केंद्रात बसतो. नोकरी करून शिकणारे, मुलं मोठी झाल्यावर परतलेले, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेले असे बरेच जण येतात. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणतात, "प्रश्न अगदी बावळट आहे, पण..." वही उघडली की दिसतं, विकलनाची (डिफरन्सिएशनची) कल्पना त्यांना नीट कळलेली असते. गाडी अडते ती अपूर्णांकात, कंसात, नाहीतर वजाच्या चिन्हात.

एका बाईंच्या वहीत सगळं बरोबर चाललं होतं आणि मधेच १/(क्ष+२) चे १/क्ष + १/२ झाले होते. नियम सांगितला असता तर त्यांनी मान डोलावली असती आणि पुढच्या आठवड्यात तेच केलं असतं. म्हणून म्हटलं, क्षच्या जागी २ घाला. डावीकडे १/४ आलं, उजवीकडे १/२ + १/२, म्हणजे १. त्या बघतच राहिल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे मी आख्खा एक बनवला की हो!" तेव्हापासून शंका आली की त्या आकडा घालून बघतात. ही सवय तुम्हीही लावून घ्या. फक्त ० आणि १ घालू नका, त्यांत चुका लपतात. आकडा जुळला म्हणून पायरी बरोबरच असं नाही. पण नाही जुळला, तर चूक नक्की.

तेव्हा सुरुवात स्वतःच्या चुकलेल्या गणितापासून करा. कुठली ओळ घसरली ते शोधा आणि शाळेच्या पुस्तकातला तेवढाच धडा काढा.

तासाला शिक्षक "साहजिकच" म्हणाले की समासात गोल करून ठेवा. त्या एका शब्दाखाली बहुतेक वेळा दोन-तीन पायऱ्या गिळलेल्या असतात. त्या घरी भरायच्या. नाही भरता आल्या, तर विचारायला नेमका प्रश्न हातात येतो.

एकट्याने झुंजू नका. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७०च्या दशकात गणिताचे अभ्यासक युरी ट्राइसमन यांनी पाहिलं, की कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनती होते, पण बहुतेक एकेकटे अभ्यास करायचे. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र जमून, एकमेकांची उत्तरं ताडून बघत. ट्राइसमननी मग 'कच्च्यांचा' वर्ग काढला नाही. गटात बसवून उलट अवघड गणितं दिली. निकाल सुधारले. मला यातलं 'अवघड' फार महत्त्वाचं वाटतं. मोठ्या माणसाला सोपी गणितं देऊन गोंजारलं की त्याला ते बरोबर कळतं, आणि तो परत येत नाही. तुमच्या वर्गात आणखी एखादा तरी नोकरीवाला असेल, त्याला गाठा. आठवड्यातून तासभर पुरे.

वाचनाबद्दल थोडक्यात. सोडवलेलं उदाहरण तीनदा वाचलं की आपल्याला येतं असं वाटतं. ती फसवणूक आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं, की पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारे. त्यांचा प्रयोग उताऱ्यांवर होता, गणितावर नव्हे. पण माझ्या टेबलावरचा अनुभव वेगळा नाही. उदाहरण झाका, कोऱ्या कागदावर सोडवा, अडलात की एकच ओळ उघडा.

रात्री दमून दोन तास बसण्यापेक्षा सकाळची वीस मिनिटं बरी, हे तुम्हाला नोकरीनेच शिकवलं असेल.

तुमच्या विद्यापीठात मदत केंद्र आहे का, याची चौकशी याच आठवड्यात करा. परीक्षेच्या तोंडावर तिथे रांग लागते. जाताना स्वच्छ उतरवलेली वही नेऊ नका. चुकलेलं पान न्या, खाडाखोडीसकट. समोरचा माणूस आधी तीच बघतो.