पिनांचा गंज आणि १८९०चं कोडं

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत चित्रप्रदर्शनाची जुनी पुस्तिका सापडली. ‘बडोदा ग्रुप’ आणि ‘ग्रुप १८९०’ एकच का? पिना गंजल्यात, त्यांचं काय करू?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : एकच नव्हेत, पण घोळ नेहमीचाच. बडोदा ग्रुप हा चित्रकारांचा गट १९५६चा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेभोवती जमलेला; ना. श्री. बेंद्रे (मूळचे इंदूरचे), शांती दवे, ज्योती भट्ट त्यातलेच. ग्रुप १८९० जमला १९६२मध्ये, भावनगरला. १८९० हे साल नव्हे, बैठक झाली त्या घराचा नंबर! त्यांचं प्रदर्शन एकदाच झालं, १९६३मध्ये दिल्लीत. पुस्तिकेत मेक्सिकन कवी ऑक्टाव्हियो पाझ यांची प्रस्तावना असेल, तर ती याच ग्रुपची.

पिना थेट पाठीकडून ओढू नका. गंज कागदाला चिकटलेला असतो, कागदाचा तुकडाच निघतो. मधलं पान उघडा, पिनेच्या पायांखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा, बोथट सुरीने पाय उभे करा आणि मग पिना मागून अलगद काढा. त्याच भोकांतून सुती दोरा ओवून सैलसर गाठ मारा. गंजाचा डाग राहिला तर राहू द्या. सेलोटेप मात्र अजिबात नको. त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशनही नकोच.