कुत्र्याच्या पोटात पाणी झालंय, लिव्हरही सुजलंय. सोनोग्राफीतून आणखी काय कळणार?

तुम्ही लिहिलंय की ८ वर्षांच्या लॅब्राडॉरचं पोट १५ दिवसांत नगाऱ्यासारखं झालं, रक्ताच्या रिपोर्टमध्ये लिव्हरचे आकडे वाढलेले आले, टॉनिक चालू आहे आणि आता सोनोग्राफी सांगितली आहे. ती कराच. फक्त लिव्हर बघून झालं की तिथेच थांबू नका, शिरा आणि हृदयही बघा, असं आवर्जून सांगा. मी प्राण्यांची सोनोग्राफी करते. अशा केसमध्ये दुखणं कितीतरी वेळा हृदयाचं असतं आणि मार लिव्हर खातं.

शरीराच्या मागच्या भागातलं रक्त एका मोठ्या शिरेतून हृदयाकडे जातं. लिव्हरच्या शिरा हिलाच मिळतात, हृदयाच्या अगदी अलीकडे. हृदयाची उजवी बाजू थकली, किंवा भोवतीच्या पिशवीत पाणी भरून हृदय दाबलं गेलं, की रक्त मागे तुंबतं. लिव्हर फुगतं आणि पाणी पोटात पाझरायला लागतं.

निरोगी कुत्र्यात ही मोठी शीर श्वासागणिक थोडी आवळते, थोडी सैलावते. तुंबलेली शीर जाड आणि ताठ दिसते, श्वासाने जवळजवळ हलत नाही. लिव्हरच्या रुंदावलेल्या शिरा तिला मिळतात तिथे सशाच्या कानांसारखा आकार दिसतो. पित्ताशयाची भिंत सुजून दुहेरी दिसू शकते, पण तेवढ्यावर निदान करू नये, कारण तीव्र ॲलर्जीतही ती तशी दिसते. मूळ आजार लिव्हरचाच असेल, म्हणजे सिरोसिस वगैरे, तर लिव्हर बरेचदा लहान आणि खडबडीत कडांचं असतं आणि ही शीर फुगलेली नसते.

मागे एक कुत्री आली होती. आडवी करायला गेलो तर धापा टाकायला लागली, म्हणून उभ्यानेच प्रोब लावला. पडद्यावर पोटात काळंभोर पाणी, त्यात लिव्हरच्या पाळ्या तरंगत होत्या, आणि ती शीर बोटाएवढी जाड. प्रोब छातीकडे वळवला तर हृदयाभोवती काळं कडं, आणि ठोक्यागणिक उजवी भिंत आत दबत होती. पिशवीतलं पाणी सुईने काढलं आणि टेबलावरच तिच्या हिरड्या गुलाबी व्हायला लागल्या. अशा वेळी आधी लघवीचं औषध दिलं तर हृदयात येणारं रक्त आणखी घटतं आणि कुत्रं कोसळू शकतं. म्हणून मी एवढं बजावून सांगतेय.

पाणी कसलं आहे हे मात्र सुईने थोडं काढून तपासावंच लागतं. हृदयामुळे झालेल्या पाण्यात प्रथिनं सहसा डेसिलिटरला २.५ ग्रॅमपेक्षा जास्त असतात, कारण ते लिव्हरमधून पाझरलेलं असतं. रक्तातलं अल्ब्युमिन घटल्याने झालेलं पाणी पातळ असतं, त्यात प्रथिनं कमी. सुईत रक्तच आलं तर प्लीहेवरची गाठ फुटली आहे का, हे लगेच बघावं लागतं.

एरवी सोनोग्राफीआधी ८ ते १२ तास उपाशी ठेवायला सांगतात, पाणी चालतं. पण तुमचा कुत्रा धापा टाकत असेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील किंवा उठायलाच तयार नसेल, तर उपाशी ठेवायच्या नादात वेळ घालवू नका. खाल्लेलं असलं तरी आत्ताच घेऊन जा.